भरली हद्रा

मोजणीच्या दिवशी आपली हद्रा रिकामी ठेवायची असते, हे अख्ख्या फैलका बेटाला ठाऊक होतं. शेळ्यांनासुद्धा ठाऊक असावं. ठाऊक नव्हतं ते फक्त अशरफ खलाशाला, कारण तो जयगडचा.

हद्रा म्हणजे माशांचा कोंडवाडा. किनाऱ्यापासून आत चिखलात दूरवर खजुरीच्या फोकांचं कुंपण न्यायचं आणि त्याच्या टोकाला फोकांचंच एक गोल पोट करायचं. भरतीला मासे किनाऱ्याशी येतात, ओहोटीला माघारी फिरतात, कुंपणाच्या कडेकडेने जातात आणि त्या पोटात अडकतात. पोटाला मागच्या अंगाला एक दार, ते काथ्याच्या दोरीने बांधलेलं. ती दोरी पाणी उतरायच्या आधी सोडली, की मासे जसे आले तसे समुद्रात.

अशरफची हद्रा तशी त्याची नव्हती. ती म्हाताऱ्या बू यूसुफची. पण त्याचा एकुलता यूसुफ फहाहीलला तेलकंपनीत लागला, पँट घालायला लागला, आणि 'चिखलात पाय घालणार नाही' म्हणाला. अशरफ तेव्हा नुकता गलबतावरून उतरला होता. शिडाची काठी पडून त्याचा डावा पाय अधू झालेला. बारा वर्षं अरबांच्या गलबतांवर काढलेल्या माणसाला नाखव्याने फैलक्यावर उतरवलं आणि 'बरा झालास की ये' म्हणून तो बसऱ्याला निघून गेला. पाय बरा झाला नाही. अशरफने बू यूसुफची हद्रा अर्धलीने धरली आणि जयगडहून बायको अमिरुन्निसा आणि लेक रबिया यांना बोलावून घेतलं.

त्याला झाली चार वर्षं. रबिया आता चौदाची. बेटावर मुलींची शाळा होती आणि रबिया तिथे अरबी अशी बोलायची, की त्यांच्या झोर गावच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. वर्गात पहिली. हात वर करण्यात तर त्याहून पहिली. घरात बापाचा शेखांच्या, म्हणजे सरकारच्या, माणसांशी काही व्यवहार निघाला, की रबिया पुढे. वेणी पाठीवर टाकायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही गप ऱ्हवा. मी बोलते."

मोजणी वर्षातून एकदाच. शहरातून गुरुवारी लाँच यायची, तीतून कारकून उतरायचा, बेटाचा कारभार बघणाऱ्या अमिराकडे कॉफी प्यायचा आणि मग ओहोटीला किनाऱ्यावर यायचा. त्या एका ओहोटीला ज्याच्या हद्रेत जेवढे मासे निघतील, त्याचा दहावा भाग पुढचं वर्षभर रोज सरकारचा. अमिराचा माणूस गाढव घेऊन दाराशी यायचा आणि मोजून न्यायचा. लागोपाठ तीन दिवस हिस्सा चुकला, की जागा दुसऱ्याला. कायदा एवढाच. तो कुठे लिहिलेला होता म्हणावं, तर कुणी पाहिला नव्हता.

आतापर्यंतची मोजणी बू यूसुफ स्वतः करवून घ्यायचा. या वर्षी त्याने खाट धरली. म्हणून सन छप्पनच्या त्या मार्चात पहिल्यांदाच अशरफ मोजणीला उभा राहणार होता, आणि तो मोजणीच्या तयारीला लागला तो लग्नघरासारखा. आठ दिवस मायलेकी फोक वळत होत्या. अमिरुन्निसाच्या तळव्यांना चिरा पडल्या. कुंपणात बोट शिरेल एवढी फट दिसली, तरी अशरफ परत उपसायचा.

"एवढा कोनासाठी चाललाय?" अमिरुन्निसा म्हणाली. "नवरदेव येतोय काय?"

"सरकार येतोय," अशरफ म्हणाला. "जयगडला पयला वाटा पीराचा असता ना? तो कवा खराब दिलाव काय आपण? ज्याच्या पान्यात पाय घालायचा, त्येचा वाटा भरून द्यायचा. मंग तो कागद देईल आपल्या नावाचा."

कागद! तेवढ्यासाठी सगळं. बू यूसुफच्या माघारी ही जागा कुणाची, हे त्या कागदावर ठरणार होतं. जागा गेली, तर शहरात बनेद अल-गारला कुणाच्या तरी परसातली खोली, आईला कुणाची तरी धुणीभांडी, आणि रबियाची शाळा बंद. हे घरात कुणी बोलून दाखवायचं नाही. पण रबिया शाळेत निघाली, की आई तिच्या दप्तराकडे अशी बघायची, जशी माणसं बोटीवर चढणाऱ्याकडे बघतात.

गुरुवार आला. पौर्णिमेचं उधाण. दुपारी पाणी उतरलं ते थेट क्षितिजाला जाऊन टेकलं, आणि चिखल आरशासारखा चमकायला लागला. कारकून उस्ताद रियाज शहरी माणूस, डोळ्याला काळा चष्मा. तो गाढवावर बसून एकेका हद्रेशी गेला. एकीत चाळीस. दुसरीत तीस. तिसरीत पस्तीस आणि एक खेकडा. दरवर्षीचंच. मालक खांदे पाडून उभे, "अल्लाची मर्जी, उस्ताद," आणि उस्ताद मान डोलावून वहीत लिहितोय.

मग अशरफची हद्रा आली. पोटात मासे नुसते उकळत होते. बोय, पापलेट, तांबोशी, शेंगट्या, एकावर एक. शेपट्यांचा आवाज पावसासारखा. टोपल्या भरता भरता अमिरुन्निसाची दमछाक झाली. दोनशे साठ!

उस्तादाने चष्मा काढला. किनाऱ्यावरचे लोक गप्प झाले. रबियाला वाटलं, कौतुकाने गप्प झाले.

"विचार तुझ्या बापाला," उस्ताद म्हणाला. "रोज एवढे मिळतात?"

रबियाने बापाला विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? शाळेत हात वर करावा तशी ती म्हणाली, "रोज मिळतात, उस्ताद! माझे बाबा जयगडचे आहेत. त्यांच्यासारखी हद्रा या बेटावर कुणाला बांधता येत नाही."

उस्ताद हसला. पण ते हसू अशरफकडे न जाता बाकीच्या मालकांकडे वळलं.

"ऐकलंत? याच्या एकट्याच्याच हद्रेत मासे शिरतात होय? तुमच्या दारावरून लाजून पुढे जातात?" त्याने वही मिटली. "पुढच्या गुरुवारी मी पुन्हा येणार. सगळ्या हद्रा परत मोजायच्या. तोपर्यंत याचे रोज सव्वीस."

"काय म्हनाला गो?" अशरफने आनंदाने विचारलं.

"रोज सव्वीस," रबिया म्हणाली, आणि तिची जीभ पहिल्यांदा जड झाली.

घरी परतताना बू यूसुफच्या अंगणातून हाक आली. म्हातारा खाटेवर उठून बसला होता. खोकला आवरून म्हणाला, "अशरफ, गाढवा, सरकारला कुणी भरलेली हद्रा दाखवतं?"

अशरफला एवढी अरबी समजत होती. "वाटा तर द्यायचाच ना, अम्मी?" तो मोडकंतोडकं म्हणाला. अरबांत वडीलधाऱ्या पुरुषाला अम्मी, म्हणजे काका, म्हणतात, म्हणून तोही म्हणायचा.

"देतोच की! सगळे देतात. आम्ही चाळीस दाखवतो, तो चाळीस लिहितो, शेखांना चाळीसचा वाटा पोचतो. त्यालाही ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे. माझ्या बापाच्या वेळेपासून हे असं चाललंय. शहर तिकडे, आम्ही इकडे, मधे पाणी. तू मधेच सत्य घेऊन आलास!"

दुसऱ्या दिवसापासून गावाने तोंड फिरवलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. रबिया विहिरीवर गेली, तर तिने आधीच रांगेत लावलेली बादली कुणीतरी उचलून रांगेच्या शेवटी ठेवलेली. खजुरीचे फोक विकणारा म्हणाला, "संपले." त्याच्या मागे ढीग होता. शाळेत शेजारच्या मुलीने बाकावर मधे दप्तर ठेवलं. रबियाने त्या दिवशी हात वर केला नाही. बाईंनी दोनदा तिच्याकडे पाहिलं.

आणि अमिराचा माणूस रोज गाढव घेऊन हजर. शुक्रवारी दोनशे निघाले, तेव्हा सव्वीस देताना काही वाटलं नाही. शनिवारी दीडशे. रविवारी नव्वद. चंद्र एका बाजूने झिजत होता आणि पाणी भांगाकडे चाललं होतं. भांगाला पाणी धड वर येत नाही, धड खाली जात नाही, नुसतं डचमळतं. मासे खोल पाण्यात राहतात. जयगडला हे तान्हं पोर जाणतं. रबियाही जाणत होती. तरी ती म्हणाली होती, "रोज."

सोमवारी पंचावन्न. मंगळवारी तीस. सव्वीस सरकारचे, दोन बू यूसुफचे, उरले दोन. अमिरुन्निसाने ते दोन पदराखाली धरले, तसा अमिराचा माणूस म्हणाला, "पदर झटक."

"काय म्हनतो?" तिने लेकीला विचारलं.

रबियाने मान खाली घातली. अमिरुन्निसाला भाषा न कळताच कळलं. तिने पदर झटकला. मासे चिखलात पडले. त्या माणसाने ते पायाने उलटेसुलटे करून पाहिले, दोनच आहेत म्हटलं, आणि तो गेला. ती खाली वाकली, मासे उचलले, धुतले आणि ती चुलीकडे वळली.

बुधवारी बावीस. चार कमी.

"एक दिवस चुकला," अमिराचा माणूस बोट वर करून म्हणाला.

त्या संध्याकाळी उम्म यूसुफ, म्हणजे यूसुफची आई, बू यूसुफची बायको, काळा अबाया सावरत थेट घरात आली. आठवडाभरात त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलेली ती पहिलीच. ती अशरफशी न बोलता रबियाशी बोलली, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जावं.

"मुली, बापाला सांग. कौस वारा सुटलाय. हा दक्षिणेचा वारा मासे कधी किनाऱ्याला आणेल, नेम नाही. उद्या पहाटे सगळेजण आपापलं दार सोडणार आहेत. त्यानेही सोडावं. उद्या परत याच्या पोटात शे-दीडशे निघाले, तर उस्ताद अख्ख्या किनाऱ्याचे सव्वीस-सव्वीस करील. बारा घरं आहेत. बारा घरांची पोरं तुझ्या बापाच्या नावाने रडतील." मग जाता जाता ती जरा थांबली. "आमचा यूसुफ आला नाही मदतीला. तुम्ही आलात. म्हणून सांगायला आले."

रबियाने सगळं सांगितलं. अशरफ पाय चोळत बसला होता. "बघू," एवढंच म्हणाला.

बघू! रबियाला ते 'बघू' ठाऊक होतं. बाबा 'बघू' म्हणाले, की पुढे काही करायचे नाहीत. रात्रभर वारा दाराच्या फटीत शिट्टी घालत होता. प्रत्येक शिट्टीला तिला वाटायचं, आले मासे, शंभर आले, दोनशे आले. तिच्या डोळ्यांपुढे आकडे नाचत होते आणि सगळ्या आकड्यांत तिचाच आवाज होता: रोज मिळतात, उस्ताद!

फटफटायला लागलं, तशी ती उठली. चुलीमागची सुरी ओढणीत गुंडाळली आणि बाहेर पडली. पाणी उतरायला लागलं होतं, पण भांगाचं, आळशी. चिखल घोट्याला गिळत होता. दुतर्फा बाकीच्या हद्रांपाशी सावल्या वाकलेल्या दिसत होत्या. कुणी खोकत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळे दार सोडत होते. ती कुंपणाला धरून धरून आत गेली. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला.

पोटाच्या दाराशी आधीच कुणीतरी उभं होतं. डाव्या पायावर भार न देता उभं राहणारं तिच्या ओळखीचं एकच माणूस.

"बाबा?"

अशरफ दचकला नाही. त्याचा हात दोरीवर होता. "तू कशाला आयलीस थंडीत?"

"तुम्ही सोडलीत?"

"नाय." तो पाण्याकडे बघत राहिला. "कवाचा उभा हाय. हात जात नाय गो. पीराच्या वाटणीतला मासा लपवल्यासारका वाटता."

रबियाने ओढणीतली सुरी काढली. बापाने सुरी पाहिली, मग लेकीला पाहिलं.

"बाबा, चूक माझी हाय," ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. आठ दिवस दाबलेलं सगळं वर आलं. "उस्तादाने विचारलान, रोज एवढे मिळतात काय. मी तुम्हाला विचारलंच नाय. मी म्हटलं, रोज. मी म्हटलं, बाबांसारखी हद्रा कुणाला जमत नाय. म्हणून सव्वीस. म्हणून आईला पदर झटकायला लागला."

कुठेतरी एक मासा पाण्यावर उडाला आणि परत पडला. दोघांनी एकदम तिकडे पाहिलं. किती असतील आत? गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं.

"खोटा बोललीस," अशरफ हळूच म्हणाला. "ता बी माज्या कौतुकाचा." त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, हसायला की आणखी कशाला, अंधुकात कळलं नाही. "सुरी हिकडं दे."

तिने दिली. तो दोरी कापेल असं तिला वाटलं. त्याने सुरी स्वतःच्या कमरेला खोचली.

"चल, भायेर. ओली झालीस."

"पण बाबा, मासे असले तर?"

"असले तर असले."

नऊच्या सुमाराला उस्ताद रियाज आला. पाणी खरं तर आणखी उतरायला हवं होतं. पण भांग तो भांग, चिखलावर गुडघाभर पाणी तसंच तुंबलेलं, आणि हद्रांच्या पोटांत तर कमरेएवढं. गेल्या गुरुवारी आरशासारखा चमकणारा किनारा आज डबक्यासारखा. गाढव पाण्यात जाईना. उस्तादाने नव्या बुटांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि तो किनाऱ्यावरच खुर्ची टाकून बसला.

"इथेच आणा," तो म्हणाला. "माझ्यासमोर ओता."

एकेक टोपली आली. नऊ मासे. सात. अकरा. उस्तादाची भुवई वर वर जात होती. मालकांच्या मागे बायका उभ्या होत्या, त्यांच्यात उम्म यूसुफ. तिची नजर समुद्रात, जिथे अशरफ आणि अमिरुन्निसा पोटात वाकून झोळी ओढत होते. रबिया किनाऱ्यावर, उस्तादाच्या बाजूला, बोलायला ठेवलेली. आईने झोळी उचलली. जड आहे? हलकी आहे? आई वाकून चालतेय ती वजनाने, की चिखलाने?

टोपली ओतली. रबियाने ओठांतल्या ओठांत मोजले. एकोणीस.

एकोणीस! दार न सोडता, गाठीला हात न लावता, भांगाच्या पाण्याचे खरे एकोणीस. तिला टाळी पिटावीशी वाटली.

"उस्ताद," ती म्हणाली, "गेल्या वेळी मी चुकीचं बोलले. रोज एवढे नसतात. चंद्र भरला की पाणी..."

"मला समुद्र शिकवू नकोस." उस्तादाने हात वर केला. मग तो हसू लागला. गेल्या गुरुवारसारखं नाही, अगदी मोकळं, पोट हलवून. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं. "शाब्बास! आठवड्यात शिकला की तुझा बाप. त्यानेही दार सोडलं! मला वाटलं, या हिंदी माणसाला कधी कळणारच नाही." त्याने वही उघडली. "आता झाला तो फैलक्याचा. याच्या नावावर लिहितो, दरवर्षीसारखे रोज तीन. बाकीच्यांचेही तीन-तीन. झालं? पुन्हा मला लाँचमध्ये बसायला लावू नका."

मालकांत दबका हशा उठला. सुटल्याचा. कुणीतरी अशरफच्या ओल्या पाठीवर थाप मारली.

रबियाच्या ओठांवर वाक्य तयार होतं. शाळेतल्या उत्तरासारखं, पूर्ण, व्याकरणासकट. माझ्या बाबांनी सोडलं नाही. चला, गाठ बघा. जुनी आहे, सात दिवसांची, पाण्याने फुगलेली. तिचा हात कोपरापर्यंत वर आलासुद्धा.

मग तिला उम्म यूसुफ दिसली. म्हातारी तिच्याकडेच पाहत होती. एक गाठ बघायला निघाला, तर उस्ताद बाराही बघणार. आणि बाकीच्या अकरा गाठी आज पहाटेच्या होत्या.

रबियाने हात खाली घेतला आणि ओढणी नीट केली, जणू त्यासाठीच वर नेला होता.

उस्ताद कॉफीला गेला. लोक पांगले. फोक विकणारा अशरफला म्हणाला, "ढीग आलाय बघ नवा, ने लागतील तेवढे." विहिरीवरून उम्म यूसुफने अमिरुन्निसाला हाक मारली, "उम्म रबिया! बादली आण, तुझा नंबर आहे." अमिरुन्निसाने लेकीकडे पाहिलं. रबियाने मान हलवली, तशी ती ओल्या लुगड्यानेच तिकडे गेली. तिथे पोचेपर्यंत तिची चाल बदलली होती.

बापलेक मागे राहिले. अशरफ उरलेले मासे टोपलीत भरत होता.

"हसून काय म्हनाला तो?"

"तीन लिवलान," रबिया म्हणाली. "रोज तीन."

"ता समजला. हसून काय म्हनाला?"

"म्हणाला..." तिने पायाच्या अंगठ्याने चिखल उकरला. "म्हणाला, तुझे बाबा आता फैलक्याचे झाले."

"बरा म्हनाला." अशरफने टोपली खांद्यावर घेतली आणि चार पावलं लंगडत गेला. मग थांबला. वळला नाही. "रबिया, बारा वरसा मी ह्यांच्या गलबतावर काडली. दार सोडला म्हंजे काय, तेवढी अरबी मला येते."

रबिया दोन पावलं त्याच्या मागे गेली.

"गप ऱ्हायलीस ता बरा केलास," तो म्हणाला. "बारा घरा हत." आणि मग, तिला सांगत नसल्यासारखं, "गाठ तरी बघायची व्हती गो त्येने."

तो घराकडे गेला. रबिया पाण्यात शिरली. गुडघा, मांडी, कंबर. पोटाच्या दाराशी येऊन तिने दोन्ही हात पाण्याखाली घातले आणि चाचपत ती गाठ शोधली. काथ्या फुगून दगडासारखा झाला होता. शेवाळाचा बुळबुळीत थर धरलेला. तिने नखं लावून पाहिली, मग दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

सुटली नाही.